नदीकाठ, गाळ आणि कांदळ: वाचकांचे प्रश्न

गोदावरीचा काठ, तिच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश आणि आपल्या कोकणातल्या खाड्या यांच्याबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं लांबलचक होती, त्यामुळे प्रश्नापुरती ठेवली आहेत.

आमची मळईची जमीन गोदावरीला लागून आहे. दर पावसाळ्यात हात-दोन हात काठ ढासळतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शंभर रोपं लावली, ऑगस्टच्या पुरात एकही राहिलं नाही. कोणती झाडं लावावीत? सिमेंटची भिंत बांधणं बरं का? (निफाड तालुका)

झाडांची निवड नंतर पाहू. आधी काठ का ढासळतो ते पाहा. पाणी वरच्या कडेला खातं असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते पायथा पोखरतं. पूर असेपर्यंत पाण्याचा दाब काठाला आधार देतो. पूर झपाट्यानं उतरला की तो आधार जातो, भिजून जड झालेली माती तशीच उभी राहते आणि पायथ्याशी पोकळी असेल तर धस सुटते. म्हणून काठ पुरात कमी आणि पुरानंतरच्या दोन-तीन दिवसांत जास्त पडतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यातल्या भेगा काठाला समांतर पडल्या असतील, तर पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट आत शिरतं आणि काम आणखी सोपं होतं. समोरून किंवा खालच्या अंगाने वाळू उपसली जात असेल, तर पात्र खोल होतं आणि पायथा उघडा पडतो. तो उपसा थांबला नाही तर कोणतंही झाड टिकणार नाही, हे स्पष्टच सांगतो.

काठ कमरेइतका असेल तर तशीच लागवड चालेल. दोन-तीन मीटर उंच आणि उभा असेल, तर वरच्या झाडाची मुळं पायथ्यापर्यंत पोचत नाहीत, उलट झाडाचं वजन काठावर पडतं. असा काठ आधी उतरता करून घ्यावा लागतो: एक मीटर उंचीला निदान दोन मीटर उतार. यात काही जमीन जाते, पण ती तशीही जाणारच होती. पात्रातलं आणि निळ्या पूररेषेच्या (साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आतलं काम परस्पर करू नका. जलसंपदा विभागाच्या उपविभागाला अर्ज द्या.

आता लागवड. काठाचे तीन पट्टे धरा.

पायथ्याचा पट्टा, म्हणजे जो दरवर्षी पाण्याखाली जातोच, तिथे झाड लावायचंच नाही. तिथे वाकणाऱ्या वनस्पती हव्यात: लव्हाळा, नळ, वाळा. महापुरात लव्हाळा का वाचतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त लागवड करताना ते आठवत नाही. वाळ्याचे ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं ठेवा आणि दोन तुकड्यांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवून आडव्या ओळीत लावा. अंतर वाढवलं की मधून पाणी घळ पाडतं आणि सगळी ओळ उपसून निघते. वाळ्याला ऊन लागतं, म्हणून दाट सावलीखाली तो लावू नका.

मधला पट्टा वाळुंज आणि निरगुडीचा. दोन्ही छाटकलमांवर येतात. अंगठ्याएवढ्या जाडीची, दोन ते तीन फूट लांबीची फांदी घ्या, खालचं टोक तिरकं कापा, एक दिवस पाण्यात ठेवा आणि पाऊण भाग जमिनीत जाईल अशी रोवा. डोळे वर आहेत ना, ते बघा. उलटी रोवलेली कलमं दरवर्षी कुठे ना कुठे दिसतातच. पहारीनं आधी भोक पाडा. ठोकून घातली तर साल सोलते आणि कलम कुजतं. निरगुडीचा आणखी एक फायदा म्हणजे शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत.

वरच्या पट्ट्यात अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. अंतर तीन ते चार मीटर. अर्जुनाची पंखवाली फळं दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून पेरा. जांभळाचं बी साठवून चालत नाही, फळ खाल्ल्यापासून दहा-पंधरा दिवसांत पेरलं नाही तर उगवण झपाट्यानं घटते. काठावर लावायचं रोप दीड वर्षाचं, कमरेएवढं असावं. पिशवीतलं वीतभर रोप गवतातच हरवतं.

आणि महिना: वरचा पट्टा जून-जुलैमध्ये लावा, पण मधला आणि खालचा पट्टा पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये. तेव्हा काठावर ताजा गाळ असतो, ओल असते आणि पुढचा पूर यायला आठ-नऊ महिने मिळतात. तेवढ्यात मुळं धरतात. तुमची रोपं जूनमध्ये लागली आणि ऑगस्टमध्ये पूर आला, म्हणजे त्यांना जेमतेम दोन महिने मिळाले. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल.

निलगिरी, सुबाभूळ, गुलमोहर नको. सुबाभळीचं बी पाण्याबरोबर खालच्या गावांपर्यंत जातं. बेशरम तर कुंपणालाही लावू नका, तुटलेला तुकडाही ओल्या जागी रुजतो.

भिंतीबद्दल: भिंत तुमचा काठ वाचवेल, पण पाण्याचा जोर तिच्या खालच्या टोकाला वळेल आणि शेजाऱ्याचा काठ जाईल. पाया खोल नसेल तर तीन-चार पुरांत तिचाही पायथा उघडा पडतो. ऊस अगदी कडेपर्यंत लावला असेल, तर दहा मीटरचा पट्टा मोकळा सोडणं हा भिंतीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

शाळेत मुलांनी विचारलं की गोदावरी, कृष्णेला त्रिभुज प्रदेश आहे, मग आमच्या वाशिष्ठीला का नाही? (चिपळूण, शिक्षिका)

गाळ, उतार आणि लाटा, या तिघांवर ते ठरतं. गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहते, तीन लाख चौरस किलोमीटरपेक्षा जास्त प्रदेशाची माती गोळा करते आणि शेवटचा मोठा टप्पा अगदी सपाट जमिनीवरून जाते. तिथे वेग मंदावतो, गाळ बसतो, पात्र भरतं, नदी नवी वाट काढते. धवळेश्वरमच्या खाली ती गौतमी आणि वसिष्ठा अशी फुटते, पुढे वसिष्ठेतून वैनतेय निघते. कोकणात सह्याद्री ते समुद्र हे अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, खडक कठीण, उतार तीव्र. मुळात गाळ कमी, आणि येतो तो पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात. त्यात भरती-ओहोटीचा फरक मुंबईकडे उधाणाला जवळपास पाच मीटरपर्यंत जातो. आंध्रातल्या काकीनाड्याला तो साधारण दीड मीटरच्या आसपास. एवढी ये-जा मुखाशी गाळ साठू देत नाही. शिवाय आपल्या खाड्या म्हणजे समुद्राची पातळी वाढली तेव्हा बुडालेल्या नद्यांच्या दऱ्या आहेत.

मुलांना दाखवायचं तर परातीत ओली वाळू उतरती ठेवून वरून बारीक धार सोडा. खालच्या पाण्यात पंखा तयार होतो. मग खालचं पाणी हातानं हलवत राहा, पंखा टिकत नाही. पाच मिनिटांचं काम आहे आणि फळ्यावरच्या आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

नाशिक-पैठणच्या धरणांमुळे आंध्रातला समुद्रकिनारा खचतो असं वाचलं. एवढ्या लांबचा संबंध खरा का? (छत्रपती संभाजीनगर)

संबंध खरा आहे, पण सगळं खापर पैठणवर फोडणं बरोबर नाही.

त्रिभुज प्रदेश ही एकदा तयार होऊन राहिलेली जमीन नव्हे. तिथला जुना गाळ स्वतःच्या वजनाने दबत जातो, म्हणजे जमीन दरवर्षी थोडी खाली बसते. पुराबरोबर आलेला नवा थर ती तूट भरून काढतो. थर पातळ झाला की जमीन खाली आणि समुद्र वर, असा दुहेरी तोटा. गोदावरीत १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ मोजला जात होता, १९९० च्या दशकात तो सहा कोटींच्या आत आला. पाऊस काही त्या प्रमाणात घटला नव्हता, गाळ धरणांत अडकला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला तेल-वायूचा उपसाही जमीन खचण्याचं एक कारण मानला जातो.

आता पैठणचा वाटा. जायकवाडीत १०२ टीएमसी पाणी मावतं, आणि एवढ्या मोठ्या जलाशयात शिरलेला गाळ बहुतेक तिथेच बसतो. पण गोदावरीच्या मुखाशी जाणाऱ्या पाण्यात नाशिक-मराठवाड्यापेक्षा विदर्भ आणि बस्तरचा हिस्सा मोठा आहे. वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पुढे इंद्रावती, नंतर शबरी. म्हणून प्राणहितेच्या खोऱ्यातली धरणं, तेलंगणातला श्रीरामसागर आणि आता बांधला जात असलेला पोलावरम, सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

दुसरा भाग गोड्या पाण्याचा. ब्रिटिश अभियंता सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ मध्ये धवळेश्वरमला बंधारा घातला आणि भाताचं कोठार उभं राहिलं. पण तेव्हापासून उन्हाळ्यातलं पाणी मुख्यतः कालव्यांत जातं. खाली काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीला गोडं पाणी मिळतं ते प्रामुख्यानं पावसाळ्यातच. खारफुटी खाऱ्या पाण्यात जगते, पण तिला खारटपणा आवडतो असं नाही. गोडं पाणी कमी झालं की तिवरासारख्या चिवट जाती टिकतात आणि नाजूक जाती मागे पडतात. जंगल नकाशावर हिरवंच दिसतं, आतून मात्र ते गरीब होत जातं. उपग्रहाच्या चित्रावरून "खारफुटी वाढली" अशी बातमी आली तर कोणत्या जातीची वाढली, एवढं विचारा.

आमच्या मंडळानं खाडीत कांदळाच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) दोन हजार शेंगा लावल्या. चार महिन्यांत जेमतेम पन्नास उरल्या. बियाणं खराब होतं का? (रायगड जिल्हा)

बियाणं तपासण्याआधी जागेची पातळी तपासा. लागवडी फसण्याचं सर्वांत मोठं कारण तेच असतं. ओहोटीला उघडा पडणारा मऊ चिखल "रिकामा" दिसतो आणि मंडळं तिथे शेंगा टोचतात. पण तिथे आधीपासून कांदळ नाही, त्याला कारण आहे: ती जागा फार वेळ पाण्याखाली असते. खारफुटी साधारण मध्यम समुद्रपातळीपासून उधाणाच्या भरतीच्या रेषेपर्यंत वाढते. एकूण वेळेच्या सुमारे तीस टक्क्यांपेक्षा जास्त काळ जमीन बुडून राहिली तर रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही. शिवाय तो चिखल खेकडे, शिंपल्या आणि किनारपक्ष्यांचा आहे. तिथे कांदळ जगला असता तरी ते नुकसानच होतं.

पातळी मोजायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. जवळच्या निरोगी कांदळाच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या झाडाच्या बुंध्याशी खुणा करा. तुमची जागा त्या दोन खुणांच्या मध्ये येते का ते नळीनं बघा. वीतभर फरकानंही निकाल बदलतो. मग एका उधाणाला आणि एका भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला), दोन्ही वेळा तिथे उभे राहून भरती किती वेळ राहते ते घड्याळावर टिपा. भांगाच्या भरतीलाही गुडघाभर पाणी येत असेल तर जागा सोडा.

उलट अडचणही असते. जागा उंचावर किंवा बांधाआड असेल तर पाणी येतं पण परत जात नाही. ते तिथेच आटतं, मीठ साचतं, जमिनीवर पांढरा थर दिसतो. तमिळनाडूच्या पिचावरमला पूर्वी खारफुटीचे पट्टेच्या पट्टे साफ तोडले जात. उघडी पडलेली जमीन वाळून खचली, मध्ये बशीसारखा खोलगा झाला, त्यात भरतीचं पाणी अडकलं आणि खारटपणा इतका वाढला की काहीच उगवेना. त्यावर उपाय निघाला तो चरांचा, माशाच्या काट्यासारख्या आखणीचा: खाडीला जोडलेला एक मुख्य चर आणि त्याला तिरके मिळणारे छोटे चर. पुढे हीच पद्धत गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशीही वापरली गेली. चर वर रुंद, तळाशी अरुंद हवेत. उभ्या भिंतींचे चर एका पावसाळ्यात बुजतात. रोपं तळात लावायची नाहीत आणि माथ्यावरही नाहीत. ती उताराच्या मध्यावर लावायची, म्हणजे भरतीला भिजतील आणि ओहोटीला उघडी पडतील. दरवर्षी गाळ काढावा लागतो, आणि नेमक्या याच कामासाठी नंतर पैसे उरत नाहीत.

कोकणात चर खणण्याआधी उघाडी, म्हणजे बांधातली झडपेची मोरी, बघा. (गोव्यात तिला मानस म्हणतात.) झडप गंजून बंद पडलेली असेल किंवा नवा रस्ता टाकताना मोरी लहान ठेवली असेल, तर ती मोकळी करा आणि एक पावसाळा थांबा. जवळ मोठी झाडं असतील तर बी आपोआप येतं आणि योग्य पातळीवर आपणच रुजतं. ते आलं तर लागवडीची गरजच नाही.

लावायचंच असेल तर: कांदळाची शेंग पिकली की ती आणि वरचं फळ यांच्या सांध्यावर पिवळसर कडं दिसतं आणि हलक्या पिळानं ती सुटते. ओढून काढावी लागली तर कच्ची आहे. शेंगा ओल्या गोणपाटात सावलीला ठेवा. चार-सहा दिवस ठेवल्या तर खेकडे त्या कमी खातात. लावताना टोकदार बाजू खाली, लांबीचा एक तृतीयांश भाग चिखलात, अंतर एक ते दीड मीटर. जास्त खोल खुपसली तर ती कुजते, वरवर ठेवली तर भरतीबरोबर जाते. आणि एकट्या कांदळाची लागवड करू नका. शेंग मोठी, हाताळायला सोपी, फोटोत छान दिसते, म्हणून सगळे तीच लावतात. खाडीच्या पुढच्या कडेला बहुधा तिवर आणि चिपी असतात, कांदळ आतल्या नाल्यांच्या काठी. शेजारी जे आहे त्याचीच नक्कल करा. जागा कोणाच्या ताब्यात आहे हे वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आधी विचारा. महाराष्ट्रात खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे आणि चर खणणं हासुद्धा हस्तक्षेप धरला जातो.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी कमी-जास्त का होतात? पाणकणीस सगळं काढून टाकावं का? (नाशिक)

नांदूर मध्यमेश्वर ही एका परीने माणसानं नकळत बनवलेली पाणथळ आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, त्यामागे गाळ भरत गेला, बेटं झाली, उथळ पाणी झालं आणि पक्षी आले. आता ती रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आहे, महाराष्ट्रातली पहिली.

पक्ष्यांची संख्या मुख्यतः पाण्याच्या खोलीवर ठरते. चिखलात टोचा मारणाऱ्या किनारपक्ष्यांना घोट्यापर्यंत पाणी लागतं, थापट्या आणि तलवार बदकाला गुडघ्याखालचं, बुडी मारणाऱ्या बदकांना त्याहून खोल. हिवाळ्यात पाणी हळूहळू उतरत गेलं तर दर आठवड्याला नवी कडा उघडी पडते आणि सगळ्यांचं भागतं. कालव्याच्या आवर्तनासाठी एका आठवड्यात फूट-दोन फूट पातळी बदलली की हे गणित मोडतं. नदीसुरय मार्च ते मे मध्ये उघड्या बेटांवर अंडी घालतो. तेव्हा पाणी वाढलं तर घरटी बुडतात, फार उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री पोचतात. आवर्तन थांबवा असं कोणी म्हणणार नाही, पण त्या तीन महिन्यांत बदल लहान टप्प्यांत करावा, ही मागणी रास्त आहे.

पाणकणीस (उथळ पाण्यात वाढणारं, कणसासारख्या तुऱ्याचं उंच गवत) सगळं काढू नका. जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटं करते. पाण्याचा निम्मा भाग मोकळा राहील एवढं काढा, सलग पट्टा न ठेवता तुकड्यातुकड्यांनी. तुरा पिकण्याआधी देठ पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा. खालच्या गड्ड्याला हवा मिळते ती पोकळ देठांतूनच. ते पाण्याखाली राहिले की गड्डा गुदमरतो. पाण्यावर कापलं तर महिन्याभरात पूर्वीपेक्षा दाट येतं. म्हशींची मर्यादित चराई इथे शत्रू नाही. भरतपूरला १९८२ मध्ये चराई पूर्ण बंद केली, तेव्हा एका पाणगवतानं मोकळं पाणी गिळायला सुरुवात केली होती.

जलपर्णी किती वेळा काढायची? (कोपरगाव)

वरून सांडपाणी येतंय तोवर दरवर्षी. फुलं येण्याआधी, म्हणजे गठ्ठे लहान असताना काढा आणि पूररेषेच्या वर नेऊन टाका. काठावर ढीग घातलात तर पहिल्या पुरात तो परत नदीत. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून दोन दिवस वाळवून मग वाहतूक केली तर डिझेल वाचतं. खतासाठी शेणकाला घालून कुजवा, पण कारखान्याच्या सांडपाण्यातली घेऊ नका. ती जड धातू शोषते.

कोरिंगाला "पाणमांजर" दिसतं असं एका सहल कंपनीच्या पत्रकात आहे. ते ऊद की मांजर? कधी जावं? (पुणे)

भाषांतराचा घोळ आहे. मराठीत पाणमांजर म्हणजे ऊदच. कोरिंगात ऊदही आहे आणि मासेमार मांजरही, पत्रकात बहुधा दुसरं अभिप्रेत असावं. ऊद कळपानं फिरतो, शेपूट लांब आणि मुळाशी जाड, विष्ठेत माशांचे खवले. मासेमार मांजर एकटं, अंगावर ठिपके, शेपूट आखूड, पंजांच्या बोटांमध्ये अर्धवट पडदा. ते रात्रीचं जनावर आहे, दिवसा दिसेल अशी हमी कोणी देत असेल तर पैसे आगाऊ देऊ नका.

कोरिंगा अभयारण्य काकीनाड्याजवळ आहे, १९७८ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर. तेलुगूत खारफुटीला "मड अडवि" म्हणतात, रिक्षावाल्याला हेच सांगा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. किनारपक्षी ओहोटीला चिखलावर पसरतात, भरती चढू लागली की पाणी त्यांना जवळ ढकलतं. म्हणून भरतीच्या वेळेआधी दोन-अडीच तास तिथे असा. वेळ काकीनाड्याच्या भरती-तक्त्यातून घ्या, मुंबईच्या नव्हे. दोन किनाऱ्यांच्या वेळा जुळत नाहीत.

एक दिवस जास्त असेल तर कोल्लेरू पाहा. गोदावरी आणि कृष्णा यांच्या त्रिभुज प्रदेशांमधलं हे गोड्या पाण्याचं उथळ सरोवर २००२ पासून रामसर यादीत आहे. मत्स्यतळ्यांच्या बांधांनी ते भरून गेलं होतं, २००६ च्या सुमारास सरकारनं बरेच बांध फोडले, त्यातले काही पुन्हा उभे राहिले. तिथल्या अटपाक गावाला पेलिकनची वसाहत जवळून दिसते. दुर्बीण हवीच असं नाही, पण वसाहतीकडून वारा येईल अशा जागी उभे राहू नका, वास कडक असतो.